थरथर

नाचाच्या क्लासात हाताची थरथर शिकवताना क्रांतीची नजर आरशात स्वतःच्या खांद्यावरून मागं गेली आणि तिला एकाच लयीत हलणारे दोन हात दिसले. एक तिचा स्वतःचा. समोर लांब केलेला, बोटं ताठ, कोपरापासून मनगटापर्यंत बारीक, जलद कंप. दुसरा मागं, चपलांच्या रॅकशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या आण्णांचा, मांडीवर ठेवलेला. बोटं जरा वळलेली, अंगठा तर्जनीवर घासणारा, तंबाखू मळत असल्यासारखा. आण्णांनी, तिच्या वडिलांनी, जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. स्पीकरवर गाणं चालू होतं. पुढं मुलं आपापले हात लांब करून हलवायची धडपड करत होती, कुणाचा खांदाच हलत होता, कुणी नुसतंच टाटा करत होतं, आणि त्या सगळ्या हॉलमध्ये खरी थरथर फक्त दोघांना येत होती. हे मनात आलं आणि क्रांतीचा हात खाली आला. तिनं गाणं बंद केलं, पाणी प्या म्हणाली. मुलं बाटल्यांकडं पळाली. मोना नावाची पाचवीतली मुलगी आण्णांच्या खुर्चीमागची आपली बॅग घ्यायला गेली, त्यांच्या हाताकडं तिनं एकदा पाहिलं आणि बाटली उघडत परत आली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कुणाच्याच नव्हतं. सगळ्यांचं पाणी पिऊन झाल्यावर क्रांतीनं पुन्हा हात वर केला, दंड आवळला, सोडला, आवळला. काही झालं नाही. हात नुसता हातासारखा समोर राहिला. मग उरलेला वेळ तिनं पायांची कामं घेतली.

घरी जाताना स्कूटरवर मागं बसलेल्या आण्णांनी तिचा खांदा धरला होता. धरला की थरथर कमी व्हायची. सिग्नलला गाडी थांबली आणि त्यांनी हात सैल सोडला की परत सुरू व्हायची, आणि जाकिटातून तिच्या हाडापर्यंत पोचायची. डॉक्टर त्याला कंपवात म्हणाले होते. नवीन गोळ्या लागू पडतात का बघायला आण्णा बिद्रीहून तिच्याकडं, शहरात टाकाळ्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. म्हैस व्यायल्यामुळं आई गावीच राहिली होती. खोलीत एकटे बसून कंटाळतात म्हणून क्रांतीनं त्यांना क्लासला आणलं होतं, एवढंच. सिग्नल सुटेपर्यंत ती खांद्यावरचा तो हात मोजत राहिली, म्हणजे मोजायचा नाही म्हणून ठरवूनही तिचं अंग त्याला ताल म्हणून धरायला लागलं. सवयच ती. ती शिकवायची ते पॉपिंग म्हणजे तरी काय, स्नायू आवळायचा आणि सोडायचा, गाण्याच्या नेमक्या ठोक्यावर, इतक्या झटक्यात की बघणाऱ्याला वाटावं आत कुणीतरी बटण दाबलं. तेच फार जलद, न थांबता करत राहिलं की थरथर. कॉलेजला असताना हॉस्टेलच्या कपाटाच्या आरशासमोर, काच तडकलेल्या फोनवर बघून बघून ती हे शिकली होती. दूरच्या देशात, गरीब वस्त्यांतल्या कृष्णवर्णीय पोरांनी हा नाच उभा केला, एवढं तिला माहीत होतं. यंत्रमानव, कार्टून, मूकाभिनय, कुंगफूचे सिनेमे, आजीआजोबांचे जुने नाच, जे दिसेल ते त्यांनी अंगावर घेतलं. ह्यात आपलं काय आहे, असं पालकांनी विचारलं की ती म्हणायची, हिपहॉपमध्ये कुणाचं एकाचं असं काही नाहीच. तिथं सालसाचे पाय आहेत, टॅप डान्सच्या टाचा आहेत, तर आपली हलगी का नको? हे उत्तर तिला पाठ झालं होतं आणि ते खरंही होतं. पण पहिल्यांदा ही थरथर कुणी केली असेल, आणि कुणाची बघून, हे तिच्या डोक्यात आजवर आलं नव्हतं. विजेच्या झटक्याची असेल, बिघडलेल्या मशीनची असेल. किंवा घराच्या पायरीवर कुणाचातरी बाप बसला असेल.

आण्णा, म्हणजे कृष्णात सर, बिद्रीजवळच्या एका गावच्या हायस्कूलात खेळाचे शिक्षक होते. ती नऊ ऑगस्टला जन्मली म्हणून त्यांनी तिचं नाव क्रांती ठेवलं, आणि पाचवीत गेल्या गेल्या तिच्या हातात लेझीम दिली. साखर कारखान्याचा भोंगा झाला की मैदानावर हजर. चार आवाज, पवित्रा, आगे फलांग, पीछे फलांग. गावचं पोर न् पोर त्या हिंदी हुकमांवर वाकत होतं आणि उसळत होतं. आण्णा समोर उभे राहून करून दाखवायचे तेव्हा त्यांची छाती धनुष्यासारखी मागं जायची आणि कमरेत वाकल्यावर साखळीतल्या चकत्या मातीला लागून उठायच्या. शंभर लेझमांतून एकच आवाज आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एखादीचा आवाज मागं राहिला की ते सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून करायला लावत. क्रांतीला ते आवडायचं आणि नववीत आवडेनासं झालं. शंभरांत आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नाही असं तिला वाटायला लागलं, आणि ती पथकातून बाहेर पडली. आण्णा रागावले नाहीत. कॉलेजच्या गॅदरिंगला तिचा नाच बघायला ते शहरात आले, पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून ताठ बसले आणि नंतर म्हणाले, चांगलं हाय, पर एकटीच का? त्यानंतर त्यांनी तिचा नाच पाहिला नव्हता. तिनंही बोलावलं नव्हतं. मग त्यांच्या निवृत्तीच्या वर्षीचा सव्वीस जानेवारी. ती मुद्दाम गेली होती. झेंडा चढवण्याआधी सगळ्या पथकाला सावधान मिळालं, लेझमा खांद्याला लागल्या, मैदान एकदम गप झालं, आणि त्या शांततेत कुठंतरी एक लेझीम बारीक वाजत राहिली. मुलं डोळ्यांच्या कोपऱ्यांतून एकमेकांकडं बघायला लागली. आण्णांचीही मान कडक झाली आणि त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, कुणाची म्हणून. सगळ्या लेझमा गप होत्या. मग त्यांनी खाली, लेझीम धरलेल्या स्वतःच्या हाताकडं पाहिलं. क्रांती पाहुण्यांच्या खुर्च्यांत बसली होती. त्यांचा चेहरा तिला दिसला, आणि आपण तो पाहिलाय हे त्यांना कळू नये म्हणून ती चपलेचा पट्टा सारखा करायला वाकली.

आरशातल्या त्या संध्याकाळनंतर तिच्या हातांनी काम सोडलं. पाय चालत होते, मान चालत होती, छातीचे झटके नेमके पडत होते, पण दंड आवळायचा म्हटलं की आतून काहीतरी मागं सरायचं. पुढच्या महिन्यात पुण्यात स्पर्धा होती. दोन नाचणारे समोरासमोर उभे राहतात, एकानं केलं की दुसऱ्यानं त्याला नाचून उत्तर द्यायचं, भोवती लोकांचं रिंगण. तिथं तिची ओळख हातांमुळं होती. लोक तिच्या थरथरीची वाट बघायचे. ती सुरू झाली की रिंगणातून आरोळी उठायची. आता त्या आरोळीची आठवण झाली की तिला तोंडात तांब्याची चव आल्यासारखं व्हायचं. आण्णा ताटातला घास तोंडापर्यंत नेताना भात सांडत होते आणि सांडलेला पुन्हा एकेक शीत वेचत होते, आणि आपण त्याचीच टाळी घेतो. ती क्लासला त्यांना नेत राहिली, कारण न नेणं म्हणजे कारण सांगणं. त्यांच्यासमोर हाताचं काही करायचं मात्र तिनं टाळलं. सकाळी त्याच हॉलमध्ये भरतनाट्यम शिकवणाऱ्या राजमती मॅडमना ती एकदा हे बोलली. गादीच्या दुकानावरचा तो हॉल दोघींनी मिळून घेतला होता. मॅडम पन्नाशीच्या, बोलण्यात सावकाश, सूर्यास्ताआधी जेवून घेणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की आमच्याकडं ह्याला वेपथु म्हणतात, सात्त्विक भावांतला एक. आणि माणूस जागच्या जागी खिळतो, त्याला स्तंभ. हा कंप भीतीनं येतो, आनंदानंही येतो, देव समोर दिसला म्हणूनही येतो. खोटा आणता येत नाही म्हणतात, तरी आम्हाला आणावाच लागतो. त्यांनी उभ्या उभ्या उजवा हात छातीपाशी आणला आणि त्यांच्या करंगळीपासून एक कंप निघून ओठांपर्यंत गेला. ते सुंदर होतं आणि तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. मॅडमच्या घरात कुणी थरथरत नव्हतं. असं वाटल्याबद्दल तिला दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला.

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि पायातल्या चपला बंद करून बूट घालायला सांगितले. आण्णांच्या चामड्याच्या कापशी चपला चालताना सुटायला लागल्या होत्या. म्हणून ती त्यांना घेऊन बिंदू चौकाच्या बाजूला बूट घ्यायला गेली. पांढरे, जाड तळव्याचे, तिच्यासारखेच बूट त्यांनी निवडले. नाड्या मात्र दुकानदाराला सोडायला लावून स्वतःच्या पद्धतीनं ओवून घेतल्या. दुपारची वेळ, ऊन चांगलंच वर आलेलं. रस्ता ओलांडताना मधोमध आण्णा थांबले. तिला वाटलं गाडी बघून थांबले. चला, म्हणाली. ते पुढं वाकले, पण पाय आले नाहीत. नवे बूट डांबराला चिकटल्यासारखे, टाचा नुसत्या जागच्या जागी चुळबुळत होत्या. असं होऊ शकतं, हे डॉक्टर बोलले होते. तिनं ते कानाआड केलं होतं. तिनं दंड धरून ओढलं तर ते अख्खेच कलले, तिनं कसंबसं सावरलं. रिक्षा, वडापच्या जीपा, दुधाच्या मोटरसायकली दोन्हीकडून तुंबल्या. हॉर्न सुरू झाले. पावणं, सरका की बाजूला, कुणीतरी ओरडलं. तिनं त्यांच्या कानाशी ताल धरला, एक दोन तीन चार, तोंडानं ढोल वाजवला, हलगी वाजवली. त्यांचे ओठ हलले, ते तिच्याबरोबर मोजत होते, पाय मात्र तिथंच. त्यांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता आणि ते तो पुसत नव्हते.

"क्रांते," ते म्हणाले, "पाय माझं ऐकंनात गं."

ती त्यांच्या समोर आली, तोंड त्यांच्याकडं, पाठ पलीकडच्या फुटपाथकडं. दोन्ही हात धरले. काय करतोय हे तिला तेव्हा कळत नव्हतं. मुलांना पाय शिकवताना ती त्यांच्या पुढं आपला पाय आडवा टाकते, तसा तिनं तो त्यांच्या बुटापुढं टाकला. आण्णांनी तिच्या पायाकडं पाहिलं, उजवा गुडघा उचलला आणि तो ओलांडला. तिनं पाय काढून मागं टाकला, दुसरा आडवा केला. त्यांनी तोही ओलांडला. असं ती उलटी उलटी, पाय आडवे टाकत, कात्रीसारखे फिरवत मागं जात राहिली, आणि ते गुडघे उंच उचलत तिच्या अंगावर चालून येत राहिले. हॉर्न कधी थांबले तिला कळलं नाही. उलटं जाताना मागं काय आहे हे तिच्या पाठीला समजत होतं. खड्डा आला तशी ती वळसा घेऊन गेली आणि त्यांनाही वळवलं. फुटपाथच्या कडेला टाच लागली तेव्हा तिनं त्यांना वर घेतलं. एक रिक्षावाला हसून हात हलवून गेला. आण्णा खांबाला धरून उभे राहिले, धाप लागलेली, चेहरा लाल. पाणी देऊ का, तिनं विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि बराच वेळ रस्त्याच्या त्या बाजूकडं बघत राहिले, जिथून ते आले होते.

कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका पालकांनी तिलाच तो व्हिडिओ पाठवला, मॅडम तुम्ही ना ह्या, म्हणून. हॉर्नच्या जागी ढोलाचं दणदणीत संगीत घातलेलं, खाली लिहिलेलं, बापलेक भर चौकात, नाद खुळा. त्यात त्यांचं थांबणं नव्हतं, ओढणं नव्हतं. ती पाय टाकते तिथपासूनच सुरू. आणि खरंच तो नाच दिसत होता. कुणीही म्हणालं असतं की म्हाताऱ्यानं काय सुरेख पाय उचललाय. दुपारपर्यंत तो गारगोटीला आत्याकडं पोचला आणि तिचा फोन आला, कृष्णात बरा झाला व्हय, आम्हाला सांगायचं तरी. एका तालमीच्या पोरांनी विचारलं की मंडळाच्या कार्यक्रमात स्टेजवर एवढंच कराल का. क्रांतीनं फोन बंद करून ठेवला. तिला रस्त्यावर उघडं पडल्यासारखं वाटत होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिच्यातलं काहीतरी तो व्हिडिओ नाचणाऱ्याच्या नजरेनं बघत होतं आणि त्यातलं तिसरं वळण चांगलं झालंय हे टिपून ठेवत होतं. आण्णांना दाखवायचं नाही असं तिनं ठरवलं. पण आत्यानं त्यांच्या फोनवरही तो पाठवला होता. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा ते चष्मा लावून तो बघत होते. संपला की परत लावत होते. रागावतील, रडतील, काय करतील ह्याचा अंदाज तिला येईना. त्यांनी बऱ्याच वेळानं फोन बाजूला ठेवला. माझी मान खाली हाय, ते म्हणाले, पाय बघून चालतोय मी. मग म्हणाले, तू बरी जातीस उलटी, वजन मागं टाकत न्हाईस. तुला कुणी शिकवलं? कुणी नाही, ती म्हणाली. ते हसले नाहीत. मैदानावर चांगलं काही दिसलं की ते जशी एकदाच मान हलवायचे, तशी त्यांनी हलवली, आणि आज क्लासला जरा लवकर जाऊ म्हणाले.

हॉल रिकामा होता. सकाळच्या घुंगरांच्या पितळेचा, घामाचा आणि उदबत्तीचा वास अजून होता. ती खिडक्या उघडायला गेली. आण्णा नेहमीच्या खुर्चीकडं गेले नाहीत. ती खुर्ची उचलून, धडपडत, आरशासमोर मधोमध आणून त्यांनी ठेवली आणि तिच्यात बसले.

"त्या दिवशी हात करत हुतीस," ते म्हणाले. "मला बघितलंस आन् थांबलीस. तवापासनं करत न्हाईस."

क्रांती खिडकीपाशीच उभी राहिली. नाही म्हणावं असं तिच्या तोंडापर्यंत आलं. आण्णांना खोटं सांगताना लहानपणी कान गरम व्हायचे, तसे आत्ताही झाले. ते म्हणाले, कर. ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. हात लांब केला, दंड आवळला, आणि परत तेच, आत काहीतरी मागं सरलं. खांदा सोड, आण्णा म्हणाले, खांद्यात धरलंयस सगळं. तिनं खांदा सोडला. श्वास सोडला. आरशात न बघता, डोळे त्यांच्या मांडीवरच्या हातावर ठेवून तिनं पुन्हा आवळलं, आणि कोपराखाली ती बारीक चाल सुरू झाली. आधी अडखळत, मग सलग. लाज वाटेल ह्याची ती वाट बघत होती. लाज आली, थोडा वेळ थांबली, पण तिच्याकडं लक्ष द्यायला क्रांतीला सवड नव्हती. दोन हात शेजारी शेजारी चालले होते आणि ते सारखे नव्हते. त्यांचा जरा सावकाश होता, गोल होता. तिचा सरळ. इतक्या दिवसांत तिनं त्यांचा हात नीट पाहिलाच नव्हता. मग तिनं स्नायू सोडला आणि तिचा हात हवेत निवांत थांबला. आण्णा त्या थांबलेल्या हाताकडं बघत राहिले.

"हे," ते म्हणाले. "हे कसं केलंस?"

"काय?"

"थांबवलास की. सुरू करायचं मला शिकवू नगंस, ते माझं मला येतंय. थांबवतीस कसं, ते सांग."

सुरू कसं करायचं हे ती वर्षानुवर्षं शिकवत आली होती. थांबवणं कुणी विचारलं नव्हतं. ते आपोआप व्हायचं. सोडायचं, ती म्हणाली, सैल सोडलं की थांबतं. आण्णांनी मांडीवरचा आपला हात दाखवला. सोडलेलाच हाय की, ते म्हणाले, सोडला की तर सुरू हुतो. आवळला, काही उचललं, की जरा गप बसतो. त्यांच्या हातात सगळं उलटं होतं. जिथं तिचं संपत होतं तिथून त्यांचं सुरू होत होतं, आणि तिला येत असलेल्या कुठल्याच नाचात ह्याचं उत्तर नव्हतं.

"मला म्हायत न्हाय, आण्णा," ती म्हणाली. शहरात आल्यापासून ती त्यांच्याशीही शहरासारखं बोलायची. हे मात्र गावचं निघालं.

"बरं," ते म्हणाले. पोरानं खरं उत्तर दिलं की त्यांचा आवाज असाच यायचा. "मग बघूया. बस हितं."

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. त्यांनी तिचा हात आपल्या मांडीवर घेतला, आपला पंजा तिच्या कोपराखाली ठेवला आणि पुन्हा कर म्हणाले. ती आवळत, सोडत राहिली. ते बोटांनी चाचपत कुठला स्नायू उठतोय, कुठला बसतोय ते शोधत होते. हितनं येतंय व्हय, ते म्हणाले, आणि जरा वर सरकले. त्यांच्या पंजाची थरथर तिच्या हातात उतरत होती आणि तिची त्यांच्या पंजात चढत होती, आणि काही वेळानं कुठली कुणाची हे तिला सांगता येईना. जरा हळू, ते म्हणाले. तिनं हळू केलं. त्यांनी पंजा आवळला. तो शांत झाला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि निसटून परत सुरू झाला. परत आवळला. जिन्यावर मुलांचे पाय वाजले, मोनाचा आवाज सगळ्यांच्या पुढं होता. बूट काढून मुलं दारात गोळा झाली आणि आतलं बघून तिथंच रेंगाळली. क्रांती उठायला लागली. आण्णांनी तिचा हात सोडला नाही. दाराकडं न बघता ते मैदानावरच्या आवाजात म्हणाले, "जरा दम धरा रे. आमचं चाललंय."